मंद शीतन

पदार्थविज्ञान विभागाची पाहणी करण्यासाठी विद्यापीठाची समिती सोमवारी यायची होती. म्हणून गुरुवारी सकाळी विभागाचा शिपाई धुडकू पॉलिशपेपर घेऊन संशोधन-प्रयोगशाळेतली सागवानी टेबले घासायला बसला. दोन टेबले झाली. भट्टीशेजारच्या तिसऱ्यापाशी त्याचा हात थांबला. “ललितभाऊ, हाऊ डाग ऱ्हाऊ देऊ का घशी टाकू? तुम्हनाच शे.” ललितने हातातल्या आलेखावरून मान वर न करता विचारले, “माझा कसा?” “प्लेगना दिन विसरी ग्यात का? भट्टीमातून लालभडक गोयी चिमट्यावर काढी आनि आठे ठेवी. लाकूड चर्र करी उठनं. मी म्हनं, सर आते टेबल पेटाडतस!” धुडकू स्वतःशीच हसला आणि उत्तराची फारशी वाट न पाहता पुन्हा घासू लागला. पॉलिशपेपरची खरखर काही वेळ चालली. ललित उठून टेबलापाशी आला तेव्हा चार आण्याच्या नाण्याएवढे काळे वर्तुळ निम्मे उरले होते. “राहू दे,” तो म्हणाला.

ललित उखा सोनवणे सहा वर्षे या महाविद्यालयात हंगामी व्याख्याता होता. दर जूनला त्याची नेमणूक संपे आणि दर जुलैला नव्याने होई. या जूनला ती कायम व्हायची होती, मात्र त्यापूर्वी प्रबंध विद्यापीठात दाखल झालेला असावा अशी अट होती. प्रबंधाच्या पाच प्रती गर्द तांबड्या रेक्झिनमध्ये बांधून, सोनेरी अक्षरांसह तयार होत्या. महिनाअखेरीपर्यंत त्या देऊन टाकल्या की झाले. भेस्तानच्या कारखान्यात तीस वर्षे मागावर उभा राहून ऐकू येईनासा झालेला त्याचा बाप उखा त्या सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवून आपले नाव शोधीत असे आणि सापडले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करीत असे. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात एक वाक्य होते. ललितला ते पाठ होते. किंबहुना त्या प्रबंधातले प्रत्येक वाक्य त्याला पाठ होते, कारण त्याने प्रत्येक वाक्य चार-चार वेळा मोडून पुन्हा उभे केले होते. ‘सर्व सहा नमुने हजार अंशांवर चोवीस तास भाजल्यानंतर भट्टीतच, मिनिटाला दोन अंश या गतीने थंड करण्यात आले.’ त्या वाक्यात दोष काढायला त्याला एरवीही जागा दिसली नसती. आज दिसली, तीही ‘सर्व’ या शब्दात.

स्पिनेल कुळातल्या ऑक्साइडांचे एक बरे असते की त्यांची रचना कळायला फार बुद्धी लागत नाही, संयम लागतो. ऑक्सिजनचे अणू पेटीतल्या लिंबांसारखे दाटीने रचलेले असतात आणि त्यांच्या मधल्या फटींत धातूंचे अणू बसतात. फटी दोन जातींच्या. लहान फटीभोवती चार ऑक्सिजन, मोठीभोवती सहा. लहान फटींतल्या अणूंचे चुंबकत्व एका दिशेला, मोठ्या फटींतल्यांचे नेमके उलट दिशेला. एकातून दुसरे वजा जाऊन जी बाकी उरेल तेवढाच तो पदार्थ जगाच्या लेखी चुंबक. म्हणून नमुन्याच्या गोळीत कोणते धातू किती आहेत एवढे सांगून भागत नाही, त्यातला कोण कोठे बसला आहे तेही सांगावे लागते. ललितच्या गोळ्यांत लोखंड सर्वांत होते, आणि तांबे व मॅग्नेशियम यांचे प्रमाण पहिलीपासून सहावीपर्यंत पायरीपायरीने बदलत होते. हजार अंशांच्या उष्णतेत अणू सैरभैर असतात. तांबे आणि मॅग्नेशियम, ज्यांचा ओढा एरवी मोठ्या फटींकडे, त्यांतले कितीतरी लहान फटींत शिरतात आणि लोखंडाला बाहेर काढतात. हळूहळू थंड होऊ दिले तर त्यांना परतायला अवधी मिळतो. गोळी एकदम बाहेर काढली तर जो जेथे असेल तो तेथेच गोठतो, आणि मग वजाबाकी चुकते, बाकी मोठी येते. हे ललितला माहीत होते, त्याच्या विद्यार्थ्यांना माहीत होते, कोणत्याही पाठ्यपुस्तकात ते अर्ध्या पानात सांगितलेले असते.

आणि त्याच्या सहा गोळ्यांपैकी तिसरीची बाकी मोठी आली होती. पाच बिंदू एका सुरेख उतरत्या रेषेवर होते, तिसरा त्यांच्या वर टोक काढून उभा होता. त्या एका बिंदूसाठी त्याने बेचाळीस पाने लिहिली होती. ठरावीक प्रमाणातच तांबे लहान फटी का पसंत करते याची एक उपपत्ती त्याने मांडली होती. तिच्यात आक्षेप होते, आक्षेपांना उत्तरे होती, उत्तरांवरचे संभाव्य आक्षेप होते. परिसंवादात ती वाचल्यावर एका वृद्ध प्राध्यापकाने जागेवरून उठून येऊन त्याचा हात हातात घेतला होता. पाचवे प्रकरण म्हणजे प्रबंध. बाकीची चार त्याच्यापर्यंत पोचण्याच्या पायऱ्या. आणि तिसरी गोळी त्याने भाजली होती चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात, प्लेगच्या दिवसांत.

त्याने कपाटातून नोंदवही काढली. शनिवार, चोवीस सप्टेंबर. निळ्या शाईत, त्याच्या आखीव अक्षरात: शीतन आरंभ दुपारी बारा, समाप्ती साडेसात, गती मिनिटाला दोन अंश. खाडाखोड नाही. ही वही पाहून वशी साहेब, म्हणजे त्याचे मार्गदर्शक, इतर विद्यार्थ्यांना म्हणत, नोंद कशी असावी ते या मराठ्याकडून शिका. ललित नोंद आधी लिहीत असे. भट्टी पेटवण्यापूर्वी संपूर्ण कार्यक्रम, वेळांसकट, शाईने लिहून काढायचा आणि मग त्या लिहिल्याबरहुकूम काम करायचे. पेन्सिलीने लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या शब्दाची खात्री नसते असे त्याचे मत होते आणि ते त्याने पुष्कळांशी वाद घालून सिद्ध केले होते. विभागाच्या भट्टीला आपोआप तापमान उतरवणारे यंत्र नव्हते. शेजारी डिमरस्टॅटची, म्हणजे विजेचा दाब कमी-जास्त करायची, मोठी काळी चकती होती. दर पाच मिनिटांनी ती हाताने किंचित मागे फिरवून, दहा-दहा अंशांनी, साडेसात तास बसून भट्टी उतरवावी लागे. सहाही वेळा ती त्याने स्वतः उतरवली होती. असे तो आज सकाळपर्यंत समजत होता.

त्या शनिवारचे त्याला काय आठवत होते? पुष्कळ आठवत होते, हेच विचित्र होते. तोंडाला ओला रुमाल बांधलेली माणसे. उधन्याच्या स्थानकावर छपरापर्यंत लोंबकळणारी गाडी. औषधांच्या दुकानांपुढे टेट्रासायक्लिनसाठी रांगा, आणि दुकाने मात्र बंद. नवागामच्या त्यांच्या गल्लीत घराघरांना कुलपे, एका ओट्यावर कुणीतरी उकळते ठेवून गेलेले दूध. बायको उज्ज्वला, सहा महिन्यांची मुलगी प्रियांका आणि उखा यांना त्याने सकाळीच कडोदऱ्याच्या नाक्यावर धाडले होते. तेथून चिंधा नावाचा गाववाला आपल्या ट्रकमधून त्यांना धुळ्यापर्यंत नेणार होता. आपण मागाहून येतो असे सांगून तो महाविद्यालयात आला होता. का? प्राचार्यांचा निरोप होता की सर्व विजेची उपकरणे बंद करून जावे. येथपर्यंत स्वच्छ. मग भट्टी, मग ट्रकमधला लोखंडी फाळका आणि त्यावर आदळणारी पाठ. मधला तुकडा तो विसरला होता असे म्हणता येईना, कारण विसरलेली गोष्ट आठवली की नवी वाटते, आणि धुडकूचे बोलणे त्याला मुळीच नवे वाटले नव्हते. त्या तुकड्याला त्याने कधी प्रश्न विचारला नव्हता, इतकेच. वहीत उत्तर लिहिलेले असताना प्रश्न विचारतो कोण?

सायंकाळी तो घरी आला तेव्हा उज्ज्वला साडी पसरून टिकल्या चिकटवीत होती. कापडबाजारातून साड्या आणून देणारा माणूस उद्या सकाळी येणार होता. “त्या प्लेगच्या दिवशी,” त्याने चप्पल काढता काढता विचारले, “मी कडोदऱ्याला किती वाजता पोचलो?”

“दीड.”

“नक्की?”

“चिंधाभाऊने दोनदा गाडी चालू करून बंद केली. म्हणाला, वहिनी, मास्तर येतो का प्लेगला शिकवत बसला? विसरेन मी?” तिने डिंकाचे बोट चिंधीला पुसले. “आणि आल्यावर माझ्या अंगावर रेललात तर तुमचा खिसा गरम लागत होता. मी म्हटलं, काय आहे? तर म्हणे, काही नाही. मला वाटलं ताप आला तुम्हाला. धुळ्यापर्यंत मी देवाला हात जोडत होते, ते त्या खापरासाठी.”

दीड. बारा वाजता शीतन सुरू करणारा आणि साडेसातला संपवणारा माणूस दीड वाजता पंधरा किलोमीटरवर ट्रकमध्ये चढतो, ही गोष्ट सिद्ध करायला पदार्थविज्ञान लागत नाही. ललित पाटावर बसला. उजव्या मांडीवर, खिशाच्या जागी, त्याला ती ऊब आठवली. कागदात गुंडाळलेली ती गोळी त्याने हात लावून दोनदा चाचपली होती, आणि ट्रक नाका सोडून थोडा पुढे गेल्यावर ती गार झालेली पाहून त्याला बरे वाटले होते. एवढे सगळे त्याच्या त्वचेला माहीत होते. त्याने उज्ज्वलाला थोडक्यात सांगितले. ती ऐकत होती, टिकल्याही चिकटवीत होती.

“मग आता?”

“आता काय, बघावं लागेल.”

“एकदा लिहिलंय ना? बांधूनही आलंय. कोण विचारायला येणार आहे, प्लेग?” मग ती थांबली आणि वेगळ्या आवाजात म्हणाली, “अहो, मामंजींनी मागावरच्या सगळ्यांना सांगितलंय. पेढे कुठले आणायचे तेही ठरलंय.”

तिसऱ्या गोळीचा अर्धा तुकडा शिल्लक होता. शुक्रवारी सकाळी त्याने तो पुन्हा भट्टीत घातला. या वेळी वहीत आधी काही लिहिले नाही, आणि न लिहिता बटण दाबताना त्याला उघड्या अंगाने रस्त्यावर आल्यासारखे वाटले. शनिवारी नऊ वाजता उतरवायला सुरुवात केली. अकरा ते दोन त्याचा प्रात्यक्षिकाचा वर्ग होता. धुडकू फडके खांद्यावर टाकून दारात उभा होता. “मी फिरावू का?” त्याने विचारले. ललितने त्याला तापमापकाचा काटा दाखवला, चकतीवरच्या खुणा दाखवल्या, पाच मिनिटे म्हणजे किती ते घड्याळावर दाखवले. “माहीत शे भाऊ,” धुडकू म्हणाला, “सहा वरीस तुम्हना हात दखी ऱ्हायनू.” वर्गात मुले प्रिझममधून वर्णपट शोधीत असताना ललित तीनदा जिना चढून वर गेला. तिन्ही वेळा काटा जेथे असायला हवा तेथे होता. तिसऱ्यांदा धुडकूने मागे न बघताच म्हटले, “सर, पोऱ्हे वाट दखतस.”

काटा पाहताना तुकड्याच्या आत काय चालले असेल याची तो कल्पना करीत होता. नऊशेच्या खाली तांबे हलू लागले असेल. सातशेला अजून वेळ असेल. चारशेच्या सुमारास वाटा बंद होतील आणि मग जो बसला तो बसला. त्याला वाटले, हे सगळे मानवी करून पाहण्याचा मोह टाळला पाहिजे. अणूला आपली जागा नसते, तेथे ऊर्जा कमी लागते एवढेच असते. परतणे, घर, ओढा हे शब्द आपण आळसाने वापरतो. नवागामातून पळालेली माणसेही परत आली ती काही ओढ्याने नव्हे; माग सुरू झाले, धनी हजेरी मागू लागले, म्हणून आली. उखा तर आठव्या दिवशीच एकटा परतला होता. विचारल्यावर म्हणाला होता, गावाला रिकाम्या हातांचे काय करायचे तेच कळेना.

रविवारी दुपारी त्याने तुकडा चुंबकत्व मोजणाऱ्या लूप ट्रेसरमध्ये ठेवला. पडद्यावरची हिरवी आकृती स्थिरावली. त्याने आकडा घेतला, वजनाने भागला, पुन्हा घेतला, पुन्हा भागला. मग आलेखाच्या कागदावर तिसऱ्या गोळीच्या जागी पेन्सिलीने बिंदू दिला. तो इतर पाचांच्या रेषेवर असा निमूट जाऊन बसला की क्षणभर ललितला त्या नेमकेपणाचा आनंदच झाला. इतकी शुद्ध उतरती रेषा विभागात कुणी काढली नव्हती. बेचाळीस पाने संपली हे त्याच्या ध्यानात त्यानंतर आले.

सोमवारी समिती आली, चहा घेऊन, टेबलांची तारीफ करून गेली. वशी साहेब खुशीत होते. ते गुजरातीत बोलत, ललित हिंदीत उत्तर देई. सहा वर्षांत दोघांपैकी कुणालाही यात अवघड वाटले नव्हते. त्याने आलेख पुढे ठेवला आणि सारे क्रमवार सांगितले. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला.

“जो भाई,” ते अखेर म्हणाले, “नमुनो तो साचो छे ने? माप साचुं छे. क्वेंच्ड लखी नाख, एकदम थंड करेलो. एक शब्द.”

“तो पाँचवाँ चॅप्टर नहीं रहता, साहेब.”

“अडधुं रहे. मंद थंड करेला पांच, ने एक एकदम. सरखामणी. खराब नथी.”

“पूछेंगे, एक ही क्यों?”

“तो लख ने, प्लेग! आखी दुनिया जाणे छे.” साहेब हसले, मग त्याच्याकडे बघून हसायचे थांबले. “जून याद छे ने तने?”

प्लेग. उत्तर निर्दोष होते. परीक्षक मान डोलावतील, एखादा सहानुभूतीने विचारील की घरी सगळे सुखरूप ना. एक पान बदलायचे, पाचवे प्रकरण आठ दिवसांत आखडून घ्यायचे, पुन्हा बांधायचे. जिना उतरताना ललित त्या उत्तराशी वाद घालू लागला, आणि वाद जुनाच असल्यासारखा त्याला एकेक मुद्दा आपोआप सुचत गेला. प्लेगमुळे शहर पळाले हे खरे. प्राचार्यांनी उपकरणे बंद करायला सांगितले हेही खरे. पण त्या दिवशी बारा वाजता भट्टीसमोर दोन माणसे होती. दुसरा, धुडकू, म्हणाला होता, तुम्ही जावा भाऊ, मी बठस, साडेसात वाजाले बंद करी दिसू. आणि ललितने त्याच्याकडे, म्हणजे चौथी पास झालेल्या, आपल्याच गल्लीत राहणाऱ्या, आपल्याच बोलीत बोलणाऱ्या माणसाकडे पाहिले होते, आणि याला दहा अंश म्हणजे काय ते कळणार नाही असे ठरवून चिमटा उचलला होता. मधल्या तुकड्यात होते ते हे. प्लेगची भीती सांगायला त्याला कधी लाज वाटली नसती. ती त्याने वर्गात विनोद करूनही सांगितली होती. परवा शनिवारी तीनदा जिना चढताना मात्र त्याने स्वतःलाही सांगितले नव्हते की आपण काय पाहायला जात आहोत.

धुडकू मागच्या व्हरांड्यात समितीसाठी आणलेल्या खुर्च्या एकात एक रचीत होता. ललितने एक उचलून त्याला दिली. “धुडकूकाका, त्या दिवशी तुम्ही बसतो म्हणालात. मी ऐकलं नाही. तुम्हाला जमणार नाही असं वाटलं मला.”

“माहीत शे.” धुडकूने खुर्ची रचली. “तुम्हना तोंडवरच व्हतं.”

“चुकलं माझं.”

धुडकूने दुसरी खुर्ची घेतली नाही. तो कठड्याला टेकला, इकडेतिकडे बघून त्याने आवाज उतरवला. “आते तुम्ही सांगं म्हनीसन मी बी सांगस. तुम्ही नहीं ऐकं ते बरं झायं. मी ते तोंडनं बोली गऊ. तुम्ही ग्यात, आनि अर्ध्या तासमा मी कुलूप लायं आनि चालता झाऊ. बायको-पोऱ्हे उधन्याले बठेल व्हतात. साडेसात वाजालोंग कोन बठतं भो त्या मराना गावमा?” मग, ललितचा चेहरा बघून, त्याला हसू आवरेना. “तुम्हनी भट्टी चालूच ऱ्हाती. कॉलेज बळी जातं!”

ललितही हसला. आणि हसता हसताच त्याच्या लक्षात आले की आता हातात काहीच उरले नाही. ज्या अविश्वासाची त्याला अर्ध्या तासापूर्वी लाज वाटली होती तो बरोबर ठरला होता, आणि त्यामुळे लाज कमी झाली नव्हती. कारण बरोबर ठरणार हे त्याला तेव्हा माहीत नव्हते. वहीत साडेसात लिहिणारा आणि तोंडाने साडेसात म्हणणारा, दोघांनीही दीडच्या आत शहर सोडले होते. फरक एवढाच की धुडकूचे कुणी लिहून ठेवले नाही. मग पहिल्या गोळीचे काय? चौथीचे? त्या वेळी प्लेग नव्हता, पण प्रियांकाचा जन्म होता, उखाचा कानाचा इलाज होता, दोन संप होते. त्या सहाही दिवसांची नोंद त्याच निळ्या शाईत, तशीच आधी लिहिलेली होती. साडेसात तास तो प्रत्येक वेळी बसला होता याला पुरावा काय? वही. आणि त्याची आठवण, जिला वही पाहून आठवायची सवय होती. पाच बिंदू रेषेवर आहेत म्हणून ते खरे, असे म्हणता आले असते; पण काल दुपारपर्यंत तिसरा रेषेबाहेर होता तेव्हाही त्याने तो खराच मानला होता, त्याच खात्रीने.

कचेरीत मुदतवाढीचे अर्ज ठेवलेले होते. लेखनिकाने एक काढून दिला आणि विचारले की साहेबांची सही घेतलीत का, या वर्षी जागा गेली तर पुढच्या वर्षी निघेलच असे नाही हं. “ठाऊक आहे,” ललित म्हणाला. घरी काय बोलायचे त्याची जुळवाजुळव तो करू लागला. उखाला ऐकू येत नसल्यामुळे ते मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असेच बोलावे लागणार होते. नाव, विषय, नोंदणीची तारीख त्याने भरली. कारण या रकान्यात ‘नमुने पुन्हा तयार करणे’ असे लिहिले आणि खाली नमुन्यांची संख्या विचारली होती तेथे पेन टेकवले. वशी साहेबांच्या लेखी चुकला होता तो एकच. त्याने सहा लिहिले, आणि शाई वाळेपर्यंत कागद मिटला नाही.